झळ कुणाला? पेण-रोह्यातून दिसणारी गाव आणि शहरी पुरोगामी यांच्यातली दरी

२०१६ साली अमेरिकेत डोनाल्ड ट्रम्प निवडून आले आणि एक समीकरण जगभर पसरले: शहर उदारमतवादी, खेडे परंपरावादी. निकालाच्या दिवशी मराठी वाहिन्यांवर रंगणाऱ्या चर्चांतही ते आता हमखास ऐकू येते. ‘ग्रामीण मतदार जातीवर आणि पैशावर मत देतो’ असे एक बाजू म्हणते. ‘मुंबई-पुण्याच्या शहाण्यांना गावातले काय कळते?’ असे दुसरी बाजू विचारते. रायगड जिल्ह्यातल्या पेण आणि रोहा या दोन तालुक्यांना हे समीकरण लावून पाहिले, की ते पहिल्याच पायरीवर अडखळते. इथे दरी आहे, ती जुनी आहे आणि अलीकडे रुंदावलीही आहे. पण विचारसरणीच्या नकाशावर ती शोधली तर सापडत नाही. एखाद्या निर्णयाची झळ कुणाला बसते आणि तो निर्णय होताना कुणाला विचारले जाते, या दोन प्रश्नांच्या आसपास ती सापडते.

लाल गाव, भगवे शहर

आजच्या रायगडात, म्हणजे तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यात, खेडे डावे होते. १९३३ साली अलिबाग तालुक्यातल्या चरी गावी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली खोतांच्या कुळांनी संप पुकारला आणि आसपासच्या गावांनी पुढे सहा वर्षे खोतांच्या जमिनी कसल्या नाहीत. शेतकऱ्यांचा इतका लांबलेला संप देशात क्वचितच झाला असेल. १९३७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले, त्यामागे या कुळांचे बळ होते. शेतकरी कामगार पक्ष १९४७ साली स्थापन झाला, तेव्हा त्याला कोकणातली सर्वांत कसदार जमीन मिळाली ती अलिबाग, पेण, पनवेल, उरण या पट्ट्यात. १९५७ साली कुलाब्यातून लोकसभेवर शेकापचे राजाराम राऊत गेले, १९७७ साली दि. बा. पाटील गेले, १९९८ आणि १९९९ साली रामशेठ ठाकूर गेले. अधूनमधून काँग्रेस जिंकली, अंतुल्यांनी तर अनेकदा. पण या गावांनी उजव्या पक्षाला फार काळ दारात उभे केले नाही.

जिल्ह्यात भारतीय जनता पक्षाचे पाय आधी घट्ट रोवले गेले ते पनवेलमध्ये, म्हणजे जिल्ह्यातल्या सर्वांत शहरी भागात. २०१४ साली प्रशांत ठाकूर काँग्रेस सोडून भाजपकडून आमदार झाले. २०१६ साली पनवेल महानगरपालिका झाली आणि पुढच्याच वर्षी पहिल्या निवडणुकीत भाजपने तिथे स्पष्ट बहुमत मिळवले. पेण विधानसभा मतदारसंघ भाजपकडे गेला तो २०१९ साली, रविशेठ पाटील यांच्या विजयाने, आणि रविशेठ त्याआधी काँग्रेसचे मंत्री होते. त्यांच्याकडून हरलेले शेकापचे धैर्यशील पाटील २०२३ साली भाजपमध्ये गेले आणि २०२४ साली राज्यसभेवर पोचले. म्हणजे पेणच्या गावांनी एका रात्रीत उजवा विचार पत्करला असे काही झाले नाही. नेते, त्यांचे गट, त्यांची गावोगावची माणसे जिथे गेली तिथे मते गेली.

मतदारसंघांच्या पुनर्रचनेनेही यात भर घातली. २००९ पासून पनवेल, उरण आणि कर्जत हे भाग मावळ लोकसभा मतदारसंघात, पिंपरी आणि चिंचवडच्या सोबतीला गेले. पेण, अलिबाग, श्रीवर्धन आणि महाड यांना दापोली-गुहागर जोडून रायगड मतदारसंघ झाला. जिल्ह्यातले शहर आणि जिल्ह्यातली खेडी यांना एकाच खासदाराकडे भांडण घेऊन जाण्याची सोय होती, ती गेली.

चाळीतून गावाकडे येणारे राजकारण

एके काळी शहराचे विचार गावात यायचे ते घरच्या माणसाबरोबर. घरटी एक माणूस गिरणीत किंवा गोदीत असे. त्याच्या मनीऑर्डरवर घर चाले आणि त्याच्याच तोंडून युनियन, मोर्चा, सभा हे शब्द गावात पोचत. गावाची एक गावकी आणि मुंबईत त्याच गावाचे एक मंडळ, अशी जोडी बहुतेक गावांना होती. गणपतीला आणि शिमग्याला दोघांची बैठक होई, वाद होत, हिशेब होत. शहरातला पुरोगामी गावाला परका वाटत नसे, कारण तो कुणाचा तरी काका असे.

संयुक्त महाराष्ट्राची चळवळ याच जोडणीवर उभी राहिली. कुलाब्याचे खासदार चिंतामणराव देशमुख हे रोह्याशी घरचे नाते असलेले, आयसीएसमधले, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि पुढे देशाचे अर्थमंत्री. शहरी, उच्चशिक्षित उदारमतवाद्याचा याहून नेमका नमुना सापडणार नाही. मुंबई महाराष्ट्राला नाकारण्याच्या प्रश्नावर त्यांनी १९५६ साली मंत्रिपद सोडले. त्या राजीनाम्याला गावागावांत जो मान मिळाला, त्याचे कारण साधे होते: मोठ्या माणसाने आपल्यासाठी स्वतःचे काहीतरी गमावले होते.

ही वाट १९८२ च्या गिरणी संपानंतर खचली. गिरण्या बंद पडल्या, कामगार गावी परतले किंवा डोंबिवली-विरारकडे पांगले, त्यांची मुले सुरक्षारक्षकाच्या, रिक्षाच्या, कुरियरच्या कामाला लागली. मुंबईकर मंडळे राहिली, पण देवळाच्या जीर्णोद्धारापुरती आणि क्रिकेटच्या सामन्यांपुरती. युनियनची जागा शिवसेनेच्या शाखेने आधीच घ्यायला सुरुवात केली होती. त्यानंतर शहरातला पुरोगामी विचार गावात येऊ लागला तो न्यायालयाच्या आदेशातून, अधिसूचनेतून, अग्रलेखातून. आणणारा माणूस ओळखीचा राहिला नाही.

जेव्हा दोघे एकत्र उभे राहिले

तरीही हे नाते पूर्ण तुटलेले नव्हते, हे पेणने २००८ साली दाखवले. महामुंबई विशेष आर्थिक क्षेत्रासाठी, म्हणजे रिलायन्सच्या सेझसाठी, उरण, पनवेल आणि पेण तालुक्यांतली ४५ गावे घेतली जाणार होती. त्यातली पेणमधली २२ गावे हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रात होती. ज्या शेतीसाठी धरण बांधले, तिला पाणी न देताच ती शेती घ्यायची, हा विरोधाभास गावकऱ्यांनी नेमका पकडला. एन. डी. पाटील यांचे नेतृत्व, शेकापची गावोगावची यंत्रणा, उल्का महाजन यांचे सर्वहारा जन आंदोलन, मुंबई-पुण्याचे वकील, अभ्यासक, पत्रकार असे सगळे या लढ्यात उतरले. सरकारला २१ सप्टेंबर २००८ रोजी त्या २२ गावांत शेतकऱ्यांचा कौल घ्यावा लागला. एखाद्या प्रकल्पासाठी जमीन द्यायची की नाही हे शेतकऱ्यांना मतपत्रिकेवर विचारण्याचा असा प्रसंग देशात त्यापूर्वी झाल्याचे कुणाला आठवत नव्हते. कौल विरोधात गेला. पुढे भूसंपादन बारगळले आणि प्रकल्पही.

इथे शहरी माणसे गावाला शिकवायला आली नव्हती. भूसंपादन कायद्याची कलमे, हरकतींचे नमुने, न्यायालयात जाण्याची वाट ही त्यांच्याकडची शिदोरी होती. बैलगाड्यांचे मोर्चे, गावबंदी, घरटी वर्गणी ही गावाची. निर्णय मात्र सातबाऱ्यावर ज्याचे नाव आहे त्याचा होता.

कांदळवन आणि गणपती

ज्या प्रश्नांवर दोघे एकमेकांसमोर उभे ठाकले, त्यांत पहिला कांदळवनाचा. पेणचा खारेपाट समुद्रसपाटीच्या जेमतेम वर आहे. खाडीच्या काठाने मातीचे बांध घालून, उधाणाचे पाणी बाहेर ठेवून इथल्या लोकांनी पिढ्यान् पिढ्या भातशेती केली. हे बांध पूर्वी गावेच राखत. खारभूमी विकासाचा कायदा १९७९ साली आला आणि बरीचशी जबाबदारी सरकारी खात्याकडे गेली. खात्याची दुरुस्ती रेंगाळली की बांधाला खांड पडते, खारे पाणी शेतात शिरते, दोन-चार वर्षांत भात जाते आणि तिथे तिवर उगवू लागतात.

दरम्यान मुंबईत भराव घालून खाड्या बुजवल्या जात होत्या. बॉम्बे एन्व्हायर्नमेंटल अॅक्शन ग्रुपच्या याचिकेवर २००५ साली उच्च न्यायालयाने कांदळवने तोडण्यावर आणि त्यांच्याभोवतीच्या ५० मीटर पट्ट्यातल्या बांधकामावर बंदी घातली. २०१८ साली अंतिम निकालाने ती पक्की केली. बिल्डरांच्या विरोधात हा निकाल आवश्यक होता आणि पुराच्या दृष्टीने तो मुंबईच्याच हिताचा होता. पण खारेपाटात त्याचा अर्थ निराळा झाला. सरकारच्या दुर्लक्षाने ज्याची शेती बुडाली, त्याच्या शेतात तिवर उगवले, उपग्रहाच्या चित्रात ती जमीन कांदळवन म्हणून दिसली आणि मालक परवानगीवाचून स्वतःच्या जमिनीवरचे झाड तोडू शकेनासा झाला. त्या निकालाचे स्वागत करणाऱ्या लेखांत या शेतकऱ्याचा उल्लेख क्वचितच असतो. त्याला कांदळवनाचा तिटकारा नाही. खाडीतली मासळी आणि खेकडे कुठे वाढतात हे त्याला पुस्तकाशिवाय माहीत आहे. पर्यावरण राखण्याचा खर्च मात्र एकट्याच्या नावावर टाकला गेला, ही त्याची तक्रार आहे.

दुसरा प्रश्न गणपतीचा. पेण शहर आणि हमरापूर-जोहे परिसरातली गावे वर्षभर मूर्ती घडवतात. त्या देशभर आणि परदेशातही जातात. कारखान्यात साचा भरणारा, रंग मारणारा, डोळ्यांची आखणी करणारा, पॅकिंग करणाऱ्या बायका अशा अनेकांची रोजी त्यावर आहे. प्लॅस्टर ऑफ पॅरिस स्वस्त, हलके, लवकर सुकणारे आणि ट्रकच्या धक्क्यांत टिकणारे. शाडू जड, नाजूक, पावसाळी हवेत दिवसचे दिवस न वाळणारी. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने मे २०२० मध्ये पीओपीच्या मूर्तींवर बंदी घालणारी मार्गदर्शक तत्त्वे काढली, ती ऐन हंगामात आणि करोनाच्या टाळेबंदीत. केंद्राने अंमलबजावणी वर्षभर पुढे ढकलली. जानेवारी २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने बंदी काटेकोर पाळण्यास सांगितले, तेव्हा कारखान्यांत माल तयार होता आणि कर्जे काढलेली होती. डॉ. अनिल काकोडकर यांच्या अध्यक्षतेखालच्या आयोगाचा अहवाल, मंडळाचा खुलासा अशी वळणे घेत त्याच वर्षी जूनमध्ये पीओपीच्या मूर्ती घडवायला मुभा मिळाली, पण नैसर्गिक जलस्रोतांत विसर्जनावर निर्बंध राहिले.

समुद्रकिनाऱ्यावर दुसऱ्या दिवशी पडलेले मूर्तींचे अवशेष ज्याने पाहिले, तो याचिकाकर्त्यांचा हेतू नाकारणार नाही. पण पाच वर्षांच्या या घोळात मूर्तिकारांच्या बाजूने ठामपणे उभे कोण राहिले? सत्ताधारी पक्ष. शहरी पुरोगाम्यांनी बंदीचा मुद्दा मांडला. शाडूची माती मुळात गुजरातहून आणावी लागते, तिचा वाहतूक खर्च, मूर्ती सुकवायला लागणारी जागा, संक्रमणाच्या काळातले भांडवल यांवर कुणी मोहीम उभारली नाही. मग मत कुणीकडे जाईल, हे सांगायला निवडणूक विश्लेषक लागत नाही.

पश्चिम घाटाबाबत माधव गाडगीळ समितीचा २०११ चा अहवाल आणि कस्तुरीरंगन समितीचा २०१३ चा अहवाल यांचेही असेच झाले. गाडगीळांनी ग्रामसभांना विचारून निर्णय घ्यावा असे सुचवले होते. प्रत्यक्षात गावांच्या हाती पडल्या त्या केंद्राच्या प्रारूप अधिसूचनांतल्या गावांच्या याद्या. शिफारशीतली लोकशाही गळाली आणि बंदी तेवढी उरली.

रोह्याचे दुहेरी गणित

रोह्यात प्रश्न आणखी गुंतलेला आहे. मुळशी धरणाचे पाणी घाटाखाली भिऱ्याच्या वीजकेंद्रातून कुंडलिकेत येते. त्या धरणाविरुद्ध सेनापती बापटांनी १९२१ पासून मावळ्यांचा सत्याग्रह केला होता. गावे बुडाली ती मुंबईच्या विजेसाठी. आज त्याच पाण्यावर कोलाडला शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याचे पर्यटक राफ्टिंग करतात आणि खाली धाटावची औद्योगिक वसाहत चालते. धाटावच्या रासायनिक कारखान्यांनी रोह्याला पगार दिला, दुकाने दिली, भाडेकरू दिले. कुंडलिकेच्या खाडीतली मासळी घटल्याची तक्रारही तितकीच जुनी आहे. एकाच घरात एक भाऊ कारखान्यात कंत्राटी कामगार आणि दुसरा खाडीवर पोट भरणारा, असे असते. या घराला ‘प्रदूषण हवे की रोजगार?’ असे विचारणे म्हणजे कोणत्या भावाला घराबाहेर काढू, असे विचारणे आहे.

नाणारची रिफायनरी रोह्याकडे आणण्याचे २०१९ साली मुख्यमंत्र्यांनी विधिमंडळात सांगितले, त्यानंतर रोहा-मुरूड भागात औषधनिर्मितीच्या मोठ्या वसाहतीचा प्रस्ताव आला. दोन्ही वेळा गावांनी जमिनीसाठी हरकती घेतल्या. अशा वेळी शहरातून पाठिंब्याची पत्रके येतात, माहितीपट होतात. पण धाटावमधल्या कंत्राटी कामगाराचा पगार, कारखान्यातला अपघात, स्थानिकांना नोकरीत डावलल्याची तक्रार यांसाठी तेच लोक क्वचित फिरकतात. गावाला हे दिसते. ‘नको’ म्हणायला सोबत मिळते, ‘हवे’ म्हणायला मिळत नाही.

ही पोकळी स्थानिक नेता भरून काढतो. सुनील तटकरे यांनी २०२४ साली रायगडची जागा ८२ हजारांहून अधिक मतांनी राखली. त्या निवडणुकीत मुंबईच्या सहापैकी चार जागा महाविकास आघाडीकडे गेल्या, रायगड महायुतीकडे राहिला. याचा अर्थ ‘मुंबई पुरोगामी, रायगड प्रतिगामी’ असा लावणाऱ्यांनी पुढचे काही महिने पाहायला हवे होते. पालकमंत्रिपदावरून आदिती तटकरे आणि भरत गोगावले यांच्या समर्थकांत जानेवारी २०२५ मध्ये उघड संघर्ष झाला, आणि दोघे एकाच सरकारात मंत्री होते. इथल्या राजकारणाच्या रेघा रस्ता, दाखला, दवाखान्यातली खाट, बदली, कंत्राट यांच्याभोवती आखलेल्या आहेत.

लाडकी बहीण योजनेचे उदाहरण बोलके आहे. रायगड मतदारसंघात स्त्री मतदार पुरुषांहून जास्त आहेत. पुरुष पोटासाठी बाहेर, बायका गावात, हे कोकणाचे जुने चित्र. २०२४ च्या जुलैपासून दरमहा १,५०० रुपये देणारी ही योजना ज्या खात्याने राबवली, त्याच्या मंत्री आदिती तटकरे होत्या. शहरात तिला ‘रेवडी’ म्हटले गेले. राज्याच्या तिजोरीचा प्रश्न खोटा नाही. पण वीटभट्टीचा हंगाम संपवून परतलेल्या कातकरी बाईच्या खात्यात, कुणाची उचल न घेता, तिच्या एकटीच्या नावावर आलेली ती पहिली नियमित रक्कम असू शकते. तिला ‘विकली गेलेली मतदार’ म्हणणाऱ्याला स्त्रीच्या आर्थिक स्वातंत्र्यावर भाषण करणे जड जायला हवे.

गावकीची दुसरी बाजू

इथवर वाचून गावाची बाजू निर्दोष वाटत असेल, तर तेही अर्धेच चित्र ठरेल. ज्या गावकीने चरीचा संप सहा वर्षे टिकवला, ज्या गावकीने सेझच्या दलालाला वेशीबाहेर ठेवले, तीच गावकी माणसांना वाळीत टाकते. २०१३-१४ च्या सुमारास रायगडातली वाळीत प्रकरणे राज्यभर गाजली. देवळाच्या वर्गणीचा वाद, निवडणुकीत गावाने ठरवलेल्या उमेदवाराविरुद्ध उभे राहणे, जमिनीचा तंटा, लग्न अशी कारणे. मग किराणा बंद, बोलणे बंद, मयताला खांदा बंद. महाराष्ट्राने २०१६ साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला, तो २०१७ पासून लागू आहे आणि तीन वर्षांपर्यंत शिक्षेची तरतूद त्यात आहे. असा कायदा करणारे हे देशातले पहिले राज्य, आणि त्यामागे शहरी पुरोगामी संघटनांचा, वकिलांचा, पत्रकारांचा रेटा होता. वाळीत पडलेल्या कुटुंबाला गावात कुणीच बोलायला नव्हते, तेव्हा बाहेरचा माणूसच उपयोगी पडला.

सेझच्या वेळी ‘ग्रामसमाजाची एकजूट’ म्हणून गौरवायचे आणि बहिष्काराच्या वेळी ‘मध्ययुगीन मानसिकता’ म्हणून झोडायचे, असे केले की गावाला ढोंग दिसते. प्रत्यक्षात एकजूट आणि जाच एकाच यंत्रणेतून निघतात: घरटी वर्गणी, सर्वांनी पाळायचा निर्णय, मोडणाऱ्याला दंड. ती यंत्रणा मोडली तर गावाकडे जमीन वाचवायला काहीच उरत नाही. आहे तशी ठेवली तर बायका, दलित, कातकरी तिच्या बैठकीबाहेरच राहतात. रायगडाला हा प्रश्न नवा नाही. १९२७ साली महाडच्या चवदार तळ्यावर आंबेडकरांनी पाण्याचा हक्क बजावला, त्या सत्याग्रहाला सुरबानाना टिपणिसांसारखे स्थानिक सवर्ण साथीदार होते. सुधारणा बाहेरून आली आणि आतूनही आली. दोहोंची गाठ पडली तिथे ती टिकली.

बाहेरच्या जगातला अनुभव

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्याच्या खेड्यांत कॅथरिन क्रेमर या अभ्यासकाने वर्षानुवर्षे लोकांच्या गप्पा ऐकल्या आणि २०१६ साली त्यावर ग्रंथ लिहिला. तिला आढळलेल्या तक्रारी तीन: निर्णय आमच्याविना होतात, पैसा शहरात जातो, आणि आम्हाला मान मिळत नाही. २०१८ साली फ्रान्समधली ‘पिवळ्या जाकिटां’ची चळवळ पेटली ती इंधनावरच्या करवाढीवरून, जिचा एक उद्देश हवामानबदल रोखणे हा होता. शहरात मेट्रो होती, खेड्यात मोटारीवाचून गत्यंतर नव्हते. नेदरलँड्समध्ये नायट्रोजन कमी करण्याच्या धोरणाविरुद्ध शेतकरी रस्त्यावर आले आणि २०२३ च्या प्रांतिक निवडणुकांत त्यांच्या पक्षाने मोठी मुसंडी मारली. तिन्ही ठिकाणी शहराचे उद्दिष्ट चुकीचे नव्हते; खर्चाची वाटणी चुकली होती. पेणच्या मूर्तिकाराला आणि खारेपाटातल्या शेतकऱ्याला हे समजावून सांगावे लागणार नाही. फरक इतकाच, की तिकडे ती चीड बहुतेक उजव्या पक्षांनी उचलली. इथे ती आधी लाल बावट्याखाली होती, आता सत्तेच्या जवळ जो असेल त्याच्याकडे जाते. म्हणजे ती अजून कुणाच्या मालकीची झालेली नाही.

पुढची कसोटी

जानेवारी २०२४ मध्ये शिवडी-न्हावाशेवा अटल सेतू खुला झाला आणि त्याच वर्षी उरण, पनवेल आणि पेण तालुक्यांतल्या १२४ गावांवर एमएमआरडीएच्या नव्या शहराची अधिसूचना निघाली. ‘तिसरी मुंबई’ म्हणून ते ओळखले जाते. गावांनी हरकती घेतल्या आहेत, समित्या झाल्या आहेत. २००८ चे दृश्य पुन्हा दिसेल, असे समजण्याचे कारण मात्र नाही. तेव्हा शेकाप गावोगाव उभा होता, आज तो विस्कळीत आहे. तेव्हा जमीन विकणारे थोडे होते, आज दलाल घरातलाच आहे आणि शेतावर राबायला मुलगा तयार नाही. तेव्हा हेटवण्याचे पाणी शेतीला मिळेल अशी आशा होती. आज ते पाणी नव्या शहरांकडे जाते आणि वाशी-शिर्कीचा खारेपाट उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतो.

शहरी पुरोगाम्यांना इथे दोन वाटा आहेत. एक, कांदळवन आणि टेकड्या यांच्या नावाने याचिका करायची. ती जिंकली तरी गाव दुरावेल. दुसरी वाट अवघड आहे. प्रत्येक मागणीबरोबर तिचा खर्च मांडायचा आणि तो कोण उचलणार हे आधी सांगायचे: बुडालेल्या खारजमिनीची भरपाई, बांधांच्या दुरुस्तीची मुदत, मूर्तिकारांना शाडूकडे वळायला लागणारे भांडवल, धाटावच्या कंत्राटी कामगाराचा पगार. हा खर्च शहराच्या करातून यावा, असे म्हणण्याची तयारी ठेवायची. गावालाही अटी आहेत. नव्या शहराच्या विरोधात ठराव करणाऱ्या गावकीत कातकरीवाडीची बाई बसणार नसेल, भूमिहीनाला मत नसेल, तर तो ठराव सातबारा असलेल्या पुरुषांचाच राहील आणि पहिला चांगला भाव येताच फुटेल.

पेण-रोह्याचा मतदार पुरोगाम्यांपासून लांब गेला, असे म्हटले जाते. इतिहास पाहिला तर तो त्यांच्या सोबत चालत होता तोवर दोघांच्या खिशाला सारखीच चाट बसत होती. ती वाटणी पुन्हा न्याय्य झाली, तर दरी बुजवायला वेगळे प्रबोधन लागणार नाही. न झाली, तर कितीही चांगला विचार इथल्या मतपेटीत हरतच राहील.